दिवा तोच की वेगळा? – ‘मूकनायक’ ते ‘प्रबुद्ध भारत’ : पत्र चालवणे आणि पत्र जपणे



आज शनिवार नाही हे बरं झालं. शनिवारी काष्टीत व्याख्यान ठेवलं असतं तर आमच्यासमोर माणसं कमी आणि बैल जास्त बसले असते. शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. भीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांतली माणसे या दिवशी इथे येतात आणि जनावराबरोबर गावोगावची बातमीही हातोहात फिरते. आम्ही शनिवारानेच सुरुवात करतो याला कारण आहे. ३१ जानेवारी १९२०, त्या दिवशीही शनिवारच होता. त्या शनिवारी मुंबईत ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. आजचा आमचा विषय तिथून सुरू होतो.

विषय असा आहे : ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांनी वृत्तपत्र कसे चालवले, आणि चालवून झाल्यावर ते जपले कोणी? पहिल्या अर्ध्यावर पुष्कळ बोलले गेले आहे. दुसरे अर्धे राहून जाते. आम्ही आज त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी आलो आहोत. आणि त्यात आमची स्वतःची एक चूक आहे, तीही सांगणार आहोत.

थोडे मागे जाऊ. ‘मूकनायक’ आभाळातून पडला नाही. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ ला पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. सत्यशोधक चळवळीचे हे पत्र. पुढे ते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईला नेले आणि १८९७ मध्ये प्लेगने त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालवले. गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, त्या लढ्यामागे हे लोखंडे आणि हे ‘दीनबंधु’ होते. आता बघा, ‘दीनबंधु’चे अंक आज शोधायला जा. फार थोडे हाती लागतात. मग अभ्यासकांना त्यात काय लिहिले होते हे कळले कसे? इंग्रज सरकारने देशी वृत्तपत्रांवर नजर ठेवण्यासाठी भाषांतरकार नेमलेले होते. ते दर आठवड्याला देशी पत्रांतल्या मजकुराचा गोषवारा करून वर पाठवत. त्या सरकारी गोषवाऱ्यांच्या दप्तरात ‘दीनबंधु’चे तुकडे शिल्लक राहिले. म्हणजे ज्यांच्यासाठी पत्र निघाले त्यांच्या घरी ते टिकले नाही, ज्यांना त्याचा संशय होता त्यांच्या कपाटात टिकले. इतिहासाचा हा विनोद आहे, पण हसू येत नाही.

याच भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव. ते पाटलांच्या घरी दत्तक गेले आणि मुकुंदराव पाटील झाले. २३ नोव्हेंबर १९१० ला त्यांनी ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक काढले. कुठून? आपल्याच जिल्ह्यातून. नेवासे तालुक्यात कुकाण्याजवळ तरवडी नावाचे गाव आहे, तिथून हे पत्र पुढे वर्षानुवर्षे निघत राहिले. १९६७ साली मुकुंदरावांचे निधन झाले, तोवर. सत्तावन्न वर्षे! पत्र काढायचे म्हणजे पुणे-मुंबई, हा समज या माणसाने एका खेड्यात बसून मोडला. गावातले कुलकर्णी, सावकार, भट यांच्या कारभारावर त्यांनी जे आसूड ओढले ते त्याच गावगाड्यात राहून ओढले. शहरात बसून गावावर टीका करणे सोपे असते. टीका करून दुसऱ्या दिवशी त्याच पारावर जाऊन बसायचे, याला छाती लागते.

आणखी एक गंमत सांगतो. ज्या नोव्हेंबर १९१० मध्ये ‘दीनमित्र’ निघाले, त्याच महिन्यात अमेरिकेत न्यूयॉर्कला ‘द क्रायसिस’ नावाचे मासिक निघाले. संपादक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, तिथल्या कृष्णवर्णीय समाजाचे मोठे विचारवंत. तरवडीला ड्यू बॉइस ठाऊक नव्हते आणि ड्यू बॉइसना तरवडी. पण दोघांना एकच गोष्ट कळलेली होती : दुसऱ्याच्या छापखान्यात आपली बाजू छापून येत नसते.

अमेरिकेतला हा इतिहास तर त्याहून जुना आहे. १६ मार्च १८२७ ला न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रीडम्स जर्नल’ हे कृष्णवर्णीयांनी स्वतः काढलेले पहिले वृत्तपत्र निघाले. दक्षिणेत तेव्हा गुलामगिरी चालू होती. ते दोन वर्षे चालले. १८९२ मध्ये मेम्फिस शहरात आयडा बी. वेल्स या बाईंनी जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध लिहिले, तर त्यांच्या पत्राची कचेरी जमावाने उद्ध्वस्त केली. १९०५ मध्ये शिकागोत रॉबर्ट ॲबट यांनी ‘शिकागो डिफेंडर’ सुरू केले. दक्षिणेत ते उघडपणे विकणे धोक्याचे होते, म्हणून आगगाडीच्या डब्यांतले कृष्णवर्णीय नोकर, ज्यांना पुलमन पोर्टर म्हणत, ते अंकांचे गठ्ठे घेऊन जात आणि स्टेशनास्टेशनावर पोचवत. हे पोर्टर लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा रेल्वेकडेच यायचे आहे. आणि हा धागा काही आम्ही आज ओढूनताणून आणलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

आता ‘मूकनायक’कडे येऊ.

बाबासाहेब तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, म्हणजे सरकारी नोकर. त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत दिली. पत्र पाक्षिक. आणि हे पत्र निघते आहे एवढी जाहिरात छापा म्हणून ‘केसरी’कडे विनंती केली, पैसे घेऊन छापा म्हटले, तरी ‘केसरी’ने ती छापली नाही. ही हकीकत पुष्कळदा सांगितली जाते आणि सांगून लोक टिळकांवर घसरतात. आम्हांला त्या भांडणात आज जायचे नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे आम्हांला या नकारात एक वेगळाच प्रश्न दिसतो.

आमचा पीएच.डी.चा विषय होता शब्दप्रमाण. भारतीय न्यायशास्त्रात ज्ञान मिळवण्याची चार साधने सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हं. आप्त म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा सांगणारा. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि न्यायसूत्रांवरचा भाष्यकार वात्स्यायन इथे एक मोठी गोष्ट बोलून जातो. तो म्हणतो, आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस हे म्हणतो! तत्त्व म्हणून मान्य होते की म्लेच्छही खरे सांगू शकतो. व्यवहारात मात्र विहिरीवरून हाकललेल्या बाईला विचारा विहिरीवर काय झाले, असे कोणी म्हणाले नाही. तिचे सांगणे प्रमाण धरले नाही. पाटलाचे धरले, कुलकर्ण्याचे धरले, पुढे कमिशनरसाहेबाचे धरले.

‘मूकनायक’ ही आमच्या मते त्या बाजूने केलेली ज्ञानशास्त्रीय मागणी होती. जखम ज्याला झाली तो जखमेचा जाणकार आहे, त्याला साक्षीला बोलवा, एवढीच. म्हणून जाहिरात नाकारणे ही नुसती व्यवसायातली आडमुठी नव्हती. ‘तुम्ही बोलणारे आहात’ हेच मान्य करायला नकार होता. पहिल्या अग्रलेखात बाबासाहेब हिंदू समाजाची तुलना अनेक मजल्यांच्या पण जिना नसलेल्या मनोऱ्याशी करतात, ती सर्वांना पाठ आहे. त्याच अग्रलेखात जहाजाचाही दाखला आहे, तो फार कमी लोक सांगतात. एकाच जहाजातला प्रवासी दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडू लागला तर बुडायचे सगळ्यांनाच आहे, असा त्याचा आशय. म्हणजे पत्र एका समाजाचे, पण हिशेब सगळ्या जहाजाचा. आपल्या लोकांचे पत्र चालवणाऱ्याने ही दुहेरी नजर ठेवायची असते. फक्त जहाज बघितले तर आपली खोली विसरते, फक्त खोली बघितली तर पत्र नुसते जातीचे चोपडे होते.

आता चालवण्याचा भाग. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. ‘मूकनायक’ची जबाबदारी ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलपांकडे आली, आणि १९२३ मध्ये ते बंद पडले. मग चार वर्षे काही नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या वेळी संपादक स्वतः बाबासाहेब. या पत्राचा आर्थिक कारभार म्हणजे ओढगस्त होती. लेखनिक ठेवायला पैसा नाही. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याला लिहून काढावे लागतात, असे त्यांनीच वाचकांना सांगितले आहे. दिवसा वकिली आणि शिकवणे, कौन्सिलचे काम, सत्याग्रहाची धावपळ, आणि रात्री हे रकाने. वाचकांकडे त्यांनी मदत मागितली तीही भीक म्हणून नाही, तुमच्यावरचे ऋण आहे ते फेडा, अशा सुरात. १५ नोव्हेंबर १९२९ ला ते पत्रही थांबले.

मधल्या काळात, २९ जून १९२८ ला, समाज समता संघाचे ‘समता’ निघाले होते. संपादक देवराव नाईक. आणि २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ आले. तेही आधी देवराव नाईकांच्या संपादनाखाली. सुरुवातीला पाक्षिक, पुढच्याच वर्षी साप्ताहिक. पुढे भा. र. कद्रेकर, गं. नी. सहस्रबुद्धे, यशवंतराव आंबेडकर यांनी ते सांभाळले. हे ‘जनता’ पंचवीस वर्षे चालले. गोलमेज परिषदेच्या वेळची बाबासाहेबांची लंडनहून आलेली पत्रे त्यात आली, स्वतंत्र मजूर पक्षाचा आवाज ते झाले, खोतीविरुद्धच्या लढ्याच्या बातम्या त्यात आल्या. ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचे नाव बदलून ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरला नागपूरची धम्मदीक्षा, दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचे ते मोठे भाषण. आज आपण ते भाषण वाचतो ते कशावरून? ‘प्रबुद्ध भारत’च्या २७ ऑक्टोबर १९५६ च्या अंकावरून. तो अंक नसता तर ऐकलेल्या लाखो माणसांच्या आठवणी राहिल्या असत्या, आणि प्रत्येकाची आठवण वेगळी. पुढे सव्वा महिन्यात बाबासाहेब गेले. पत्र १९६१ पर्यंत चालून थांबले.

इथे आम्हांला ‘मिलिंदपन्ह’ची आठवण होते. मिलिंद राजा नागसेन भिक्खूला विचारतो, जन्मलेले बाळ आणि म्हातारा माणूस हा तोच की दुसरा? नागसेन उलट विचारतो, संध्याकाळी लावलेला दिवा रात्रभर जळत राहिला, तर पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? राजा म्हणतो, नाही. मग रात्रीत वेगवेगळे दिवे होते का? राजा म्हणतो, तेही नाही. तीच ती नव्हे, आणि वेगळीही नव्हे, एकीतून दुसरी चालत आली. बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले, पुढे त्याला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन अशी नावे दिली. आम्ही तिथेच शिकलो, तेव्हा हा दाखला आमच्या अंगवळणी पडलेला. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ हे चार दिवे नाहीत आणि एकच ज्योतही नाही. मुक्यांचा नायक बोलू लागतो, मग बहिष्कृत स्वतःचे नाव सांगतात, मग ते जनता होतात, मग प्रबुद्ध. एकीतून दुसरी चालत आली. वर्गात हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. विद्यार्थ्यांना आवडायचे.

पण एक दिवस एका विद्यार्थ्याने हात वर केला. म्हणाला, “सर, नागसेनाचा दिवा रात्रभर जळत होता. हा तर मध्ये विझला होता. १९२३ ते १९२७ काय होतं? १९६१ नंतर काय होतं? विझलेल्या दिव्यातून ज्योत कशी चालत येते?”

आम्ही त्या दिवशी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. उत्तर आम्हांला ठाऊक होते. सांगायची लाज वाटली.

ते आता सांगतो.

आमचे गाव इथून लांब नाही, भीमेच्या पट्ट्यातलेच. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होते. रुळावरचे काम, हातात घण, उन्हाळ्यात रूळ तापले की पायाला फोड. शिक्षण मराठी चौथी. दादा ‘जनता’ घेत. वर्गणी चौघांत मिळून, पण नाव दादांचे, कारण अंक दौंडला यायचा आणि गावाकडे आणायचे काम त्यांचे. सुट्टीच्या दिवशी दौंडहून गाडीने नाहीतर पायी येताना अंक त्यांच्या सदऱ्याच्या आत असे. संध्याकाळी आमच्या ओट्यावर तो मोठ्याने वाचला जाई. दादा वाचत, बाकीचे ऐकत. ऐकणाऱ्यांत बहुतेकांना अक्षर येत नव्हते. वाचून झाला की अंक पुढच्या वस्तीला जाई. दादा वरच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहून ठेवत, अंक कधी आला आणि आता कोणाकडे जायचा आहे. शेवटचे नाव नेहमी आमचेच असे, म्हणजे अंक फिरून परत यायचा. परत आला की पत्र्याच्या ट्रंकेत. खाली कडुनिंबाचा पाला, वर जुने धोतर.

मघाशी पुलमन पोर्टर सांगितले ते यासाठी. शिकागोचे पत्र मिसिसिपीला नेणारा पोर्टर आणि ‘जनता’ सदऱ्यात घालून आणणारा दौंडचा गँगमन, यांची कधी भेट झाली नाही. पण संपादकाइतकेच पत्र यांनीही चालवले. एक अंक म्हणजे एक वाचक, हा हिशेब आपल्या पत्रांना लागूच पडत नाही. दादांच्या ट्रंकेतल्या अंकाला चाळीस कान असत.

दादा १९७७ मध्ये गेले. आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीला लागलो होतो. पीएच.डी.चे काम चालू होते. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात घराची डागडुजी काढली, पत्रे बदलले, आणि आमच्या पुस्तकांना जागा हवी होती. कांट, हेगेल, न्यायभाष्य, गंगेश. ट्रंक मोकळी केली. अंकांच्या घड्या पडलेल्या, कडा पिवळ्या, हात लावला की तुकडे. आई म्हणाली, “दादांचे आहेत रे.” आम्ही म्हणालो, “आई, हे सगळं आता पुस्तकांत येईल.” रद्दीवाल्याने काट्यावर घातले. अकरा किलो भरले.

शब्दप्रमाणावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाने आपल्याच आप्ताचे शब्द रद्दीत घातले. यापेक्षा आम्ही जास्त काही बोलत नाही.

आम्ही ‘पुस्तकांत येईल’ म्हणालो, त्यात अर्धे खरे निघाले. पण ते आपोआप झाले नाही. भुसावळच्या रत्नाकर गणवीरांनी सत्तरच्या दशकात ‘बहिष्कृत भारत’चे अग्रलेख जमवून, संपादून छापले. स्वतःच्या हिमतीवर. गंगाधर पानतावणे सरांनी पत्रकार आंबेडकर हा संशोधनाचा विषय केला, जेव्हा विद्यापीठांना तो विषय वाटतही नव्हता. वसंत मून यांनी महाराष्ट्र शासनाच्या समितीत राहून ठिकठिकाणचे कागद गोळा केले. इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला आला, आणि १९९० मध्ये ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ एका ग्रंथात पुन्हा छापले गेले. हा ग्रंथ आम्ही विकत घेतला आणि त्या रात्री झोप लागली नाही. कारण हे ज्या मूळ अंकांवरून छापले ते अंक कोणाच्या तरी ट्रंकेत राहिले होते. कोणीतरी विकले नव्हते.

म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे : पत्र बंद असते त्या काळात ज्योत वाचकाच्या घरी असते. संपादक दिवा लावतो. विझल्यानंतर निखारा राखेत झाकून ठेवण्याचे काम वाचकाचे. आपल्याकडे आयाबहिणी रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी फुंकर घालून पेटवत, तसे. आम्ही आमच्या घरातला विस्तव अकरा किलोच्या भावाने विकला.

बरे, छापील ग्रंथ आला म्हणजे काम संपले का? नाही. एक, पुनर्मुद्रणात लेख येतो, पण पेन्सिलीने लिहिलेली नावे येत नाहीत. बाबासाहेब काय म्हणाले ते कळते, ते ऐकायला ओट्यावर कोण बसले होते ते कळत नाही. आणि तो इतिहास दुसऱ्या कोणी लिहूनच ठेवलेला नाही. दोन, सरकारवर सोडून देऊन भागत नाही. खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. तीन, इमारतीही टिकतातच असे नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, त्यात बुद्धभूषण छापखानाही गेला. त्यानंतर वर्षाच्या आत, १० मे २०१७ ला, ‘प्रबुद्ध भारत’ पुन्हा सुरू झाले हेही नोंदवले पाहिजे. अमेरिकेतही हेच दिसते. ‘शिकागो डिफेंडर’ची छापील आवृत्ती २०१९ मध्ये थांबली. उलट बाल्टिमोरचे ‘ॲफ्रो-अमेरिकन’ १८९२ पासून चालू आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या जॉन मर्फी यांनी बायकोकडून दोनशे डॉलर घेऊन ते पत्र विकत घेतले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी पत्राबरोबर जुने अंक आणि फोटोही सांभाळले. चालवणे आणि जपणे ही एकाच घरातली दोन कामे आहेत असे त्यांनी मानले.

आणि जपल्याने काय होते याचा एकच दाखला देतो. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, अस्पृश्यांसाठी तसेच काही करता येईल का हे पाहायचे होते. ड्यू बॉइसनी उत्तर दिले. ‘द क्रायसिस’चा तो संपादक आणि ‘मूकनायक’चा हा, दोघे एका कागदावर भेटले. तो कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत नीट ठेवलेला आहे, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. दोन पानांची गोष्ट. रद्दीत गेली असती तर वजनही भरले नसते.

तर आता कामाचे बोलू. तुमच्यापैकी कोणाच्या घरी ट्रंक असेल, माळ्यावर गाठोडे असेल, ते उघडा. ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’, ‘दीनमित्र’, एखादे जलशाचे पुस्तक, परिषदेचे हस्तपत्रक, वर्गणीची पावती, काहीही असू शकते. पावतीलाही कमी समजू नका. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, उजेडाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून घडी हळूच उघडून सपाट ठेवा, उन्हात घालू नका. चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही. सुती कापडात, कोरड्या जागी ठेवा. मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा, कडेची कोरी जागाही फोटोत येऊ द्या, तारीख आणि अंक क्रमांक दिसू द्या. फोटो दोन-तीन ठिकाणी ठेवा. कोणी अभ्यासक मागायला आला तर फोटो जरूर द्या, मूळ अंक पावती घेतल्याशिवाय देऊ नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या, हा अंक आपल्याकडे कसा आला, कोण वाचायचं, कोण ऐकायचं. ते लिहून काढा आणि अंकाबरोबर ठेवा.

आणि एक. ते फोटो चौकटीत घालून हार घालू नका. वाचा. महिन्यातून एकदा, एखाद्या ओट्यावर, मोठ्याने. जो अंक वाचला जात नाही तो ट्रंकेत असला तरी रद्दीच आहे. त्यात चुका सापडतील, भांडणे सापडतील, आपल्याच माणसांवर केलेली कडक टीका सापडेल. सापडू द्या. आप्त म्हणजे गोड बोलणारा नव्हे.

शेवटी आमची एक व्यक्तिगत विनंती. दादांचे सगळेच अंक परतले नव्हते. काही वाटेत राहिले असणार, या भीमेच्या दोन्ही काठांच्या वस्त्यांत. तुमच्याकडे ‘जनता’चा एखादा अंक निघाला, आणि वरच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने चार-पाच नावे एकाखाली एक लिहिलेली दिसली, तर तो आम्हांला देऊ नका. तो तुमचाच. फक्त आमच्या कानावर घाला. आम्ही येऊ, ती नावे बघू, आणि तुमची परवानगी असेल तर तो अंक तुमच्या ओट्यावर बसून एकदा मोठ्याने वाचू. शेवटचे नाव आमच्या घरचे असेल. फेरी पूर्ण होईल.

एवढे बोलून थांबतो. जय भीम.